काचेवरचे नेचे

बेरमेतने शाळेतून लाकडी पेटी घरी आणली तेव्हा तिच्या सासूला वाटलं, शिलाई मशीन आलं. बुरुलचा-आपांनी पेटीभोवती एक फेरी मारली, कडी वाजवून पाहिली आणि समाधानाने म्हणाल्या, "बरं झालं. उशांचे अभ्रे कधीचे उसवलेत."

"आपा, मशीन नाही हे. सूक्ष्मदर्शक आहे. बारीक वस्तू मोठी दिसते यातून."

"म्हणजे चष्माच की."

"चष्म्याचा खापरपणजोबा म्हणा."

"मग राहू दे. मला माझा चष्मा पुरतो," असं म्हणून आपा गाईकडे गेल्या; पण जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

यंत्राचा आरसा फुटला होता, म्हणून शाळेने ते मोडीत काढलं होतं. बेरमेत त्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि पदार्थविज्ञानाचे मास्तर राजधानीत, बिश्केकला निघून गेल्यापासून पदार्थविज्ञानही. तिने खिडकीतल्या फळीवर यंत्र ठेवलं, फुटक्या आरशाच्या जागी नवऱ्याचा दाढीचा आरसा टेकवला आणि गावासमोरच्या मोठ्या तळ्यावरून येणारा मार्चचा उजेड नळीत चढवला. गोल, पांढरा, स्वच्छ उजेड. तिला बरं वाटलं. ज्या गोष्टीने तिला दोन वर्षं छळलं होतं, तिच्याकडे निदान डोळा लावून बघता तरी येणार होतं.

ती गोष्ट म्हणजे मूल. लग्नाला तीन वर्षं झाली होती. गाव तीन मोजायचं. बेरमेत दोन मोजायची, कारण पहिलं वर्षभर तिचा नवरा उलार मॉस्कोत विटा चढवत होता आणि फोनवरून पोरं होत नाहीत. मग तो परत आला आणि वर डोंगरातल्या सोन्याच्या खाणीत डंपर चालवू लागला. दोन आठवडे वर, दोन आठवडे खाली. खाणीची बस गावातली निम्मी तरणी मंडळी बर्फात नेऊन सोडायची आणि उरलेली निम्मी परत आणायची. त्यामुळे गावात कुणाचंही लग्न असो, निम्मे मित्र नेहमी गैरहजर.

काराकोल शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बेरमेतला तपासून सांगितलं होतं, "तुझ्यात मला काही खोट दिसत नाही. नवऱ्याला पाठव." नवरा जाईना. तिथल्या प्रयोगशाळेत त्याच्या आत्याची मुलगी कामाला होती.

"गुलझात बाटली उजेडात धरणार," उलार म्हणाला, "आणि संध्याकाळपर्यंत तळ्याच्या अख्ख्या दक्षिण काठाला कळणार. पुढच्या मेजवानीत माझा मान किती, मेंढीचा कुठला तुकडा माझ्या ताटात वाढायचा, यावर चर्चा होईल. त्यापेक्षा घरच्या घरीच प्रयत्न करू. घोड्यांना कुठे डॉक्टर लागतो?"

"घोड्यांनाच लागतो," बेरमेत म्हणाली. पण तिने ताणलं नाही. त्याच्या थट्टेच्या तळाशी भीती होती, आणि ती तिला ऐकू आली होती.

आता तिला विद्यापीठात शिकलेली एक गोष्ट आठवली होती. महिन्यातल्या ज्या थोड्या दिवसांत बाईला दिवस राहू शकतात, त्या दिवसांत तिच्या लाळेतले क्षार वाढतात. अशी लाळ काचेवर वाळली की तिच्यात स्फटिकांची नक्षी उमटते, नेच्याच्या पानांसारखी. एरवी नुसते ठिपके. ना सुई, ना गुलझात. काचेची पट्टी, थेंबभर लाळ आणि खिडकी.

उलार खाली आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जिभेखालची लाळ काचपट्टीवर पसरली, वाळू दिली, आणि श्वास रोखून पाहिलं.

नेचे होते. मधला देठ, त्याला फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या; काळ्या-करड्या पानांचं एक रानच त्या गोल उजेडात उभं होतं. आपल्या तोंडात हे असतं? तिने भिंग खालीवर केलं, पट्टी इकडची तिकडे सरकवली. जिकडे बघावं तिकडे पानंच पानं.

"ए, इकडे ये!" तिने उलारला हाक मारली. तो टॉवेल खांद्यावर टाकून आला, एक डोळा मिटून वाकला.

"हे तर आमच्या बसच्या काचेवर येतं. जानेवारीत, आतून."

"हे माझं आहे."

"तुझ्या आत जानेवारी आहे?"

"उलट आहे, येड्या. वसंत आहे."

मग तो खाली असला की रोज सकाळी तोच कार्यक्रम सुरू झाला. आपा अंगणात गेल्या की तो विचारायचा, "काय म्हणतंय रान?" आणि ती म्हणायची, "हिरवंगार." दोघं हसायची. उलारच्या दोन आठवड्यांत असा एकही दिवस गेला नाही की पान दिसलं नाही. बेरमेतला जरा नवल वाटलं, थोडे दिवस असतात असं शिकलो होतो, मग इतके कसे? पण हवं ते उत्तर मिळालं की माणूस प्रश्नाच्या मागे फारसा लागत नाही. तीही लागली नाही. आणि तो वर असताना तपासण्याचं काही कारणच नव्हतं.

महिना उलटला. मग दुसरा. काही झालं नाही.

"थंडी शिरलीय तुझ्या पोटात," आपा म्हणायच्या. "दगडावर बसतेस, एप्रिलपासून तळ्यात पोहतेस. आमच्या वेळी बायका तळ्याकडे बघायच्या, आत जायच्या नाहीत." आणि तिच्या हातावर मूठभर कुरुत ठेवायच्या. चक्क्यात मीठ मिसळून वळलेल्या, दगडासारख्या वाळवलेल्या त्या गोळ्या आपा स्वतः करायच्या, आणि गावात त्यांच्या कुरुताची बरोबरी कुणाला करता आली नव्हती. त्या घरात कुणाच्या खिशात एक वेळ किल्ली नसेल, कुरुत असायचंच. वर्गाची तयारी करताना, मुलांच्या वह्या तपासताना, काचपट्टी वाळायची वाट बघताना, बेरमेतच्या गालात एक गोळी असायचीच.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी आपा सरळ येऊन खुर्चीत बसल्या.

"सारखं माझ्या मुलाला बोलावून काय ते दाखवतेस. माझंही बघ."

"तुमचं काय बघू, आपा?"

"थुंकी. साखर आहे का ते कळेल ना? सायराशला निघालीय. गावभर सांगत फिरतेय, जसं पदकच मिळालंय."

"यात साखर दिसत नाही हो."

"मग जे दिसेल ते सांग. फुकट आहे ना?"

सायराश म्हणजे शेजारीण. तिला जे झालं ते आपल्यालाही आहे की नाही, हे कळल्याशिवाय आपांना चैन पडत नसे. त्यांनी डोक्याचा रुमाल नीट केला, मोठ्या रुबाबात काचपट्टीवर थेंब टाकला आणि फोटो काढायला बसावं तशा ताठ बसून राहिल्या. बेरमेतने पट्टी वाळवली, डोळा लावला, आणि तशीच राहिली.

"काय गं? गप्प का झालीस? आहे ना साखर?"

"नाही."

"मग?"

"नेचे आहेत," बेरमेत हळूच म्हणाली. साध्या पानांचे नव्हते, सुरूच्या झाडासारखे माजलेले, तिच्या स्वतःच्या कुठल्याही पट्टीपेक्षा मोठे.

"ते चांगलं की वाईट?"

तिने खरं तेच सांगितलं. आपांनी ऐकून घेतलं. क्षणभर त्यांचा चेहरा कोरा होता, मग खांदे हलायला लागले, मग त्या हसता हसता टेबलाला धरून वाकल्या. साठी ओलांडलेली, बारा वर्षं विधवा असलेली बाई. "म्हणजे आता मलाच होणार! अगं, उलारच्या बापाला कबरीतून उठवा कुणीतरी. म्हणावं, काम निघालंय!"

बेरमेतही हसली. हसता हसता तिने एक कोरी पट्टी पुसून बाजूला ठेवली.

उलार दुपारी मोटारीखालून निघाला तेव्हा तिने त्याच्यापुढे पट्टी धरली. "थुंक."

"काय केलं मी?"

"थुंक म्हणते ना."

त्याच्याही पट्टीवर नेचे होते. त्याने स्वतः डोळा लावून खात्री करून घेतली आणि पोटावर हात ठेवला. "आईला सांग, तिसरा महिना लागेपर्यंत कुठे बोलू नको म्हणावं."

"उलार, हे हसण्यासारखं नाही."

"मग रडण्यासारखं आहे का, ते सांग. मला कळत नाहीये." त्याने खरोखरच विचारलं होतं.

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. वाईट वाटायचं ते नंतर वाटेल. आधी हे कळायला हवं होतं, की ही पानं काढतंय कोण.

तिने वाटीत साधं पाणी घेतलं, थेंब वाळवला. काही नाही. मिठाच्या पाण्याचा थेंब वाळवला: चौकोनी खडे, विटांसारखे व्यवस्थित, एकालाही फांदी नाही. म्हणजे नुसतं मीठ नव्हे. तिची जीभ सवयीने गालाकडे गेली, तिथल्या गोळीला लागली, आणि थांबली. तिने ती गोळी तोंडातून काढून बराच वेळ तळहातावर धरली. मग खिशातली एक कोरी गोळी कोमट पाण्यात चुरली. त्या पाण्याला कुणाचं तोंड लागलं नव्हतं. थेंब वाळला.

रान. देठ, फांद्या, फांद्यांना फांद्या.

मीठ एकटं असलं की विटा रचतं. पण दुधातल्या किंवा लाळेतल्या चिकट द्रव्यांची सोबत मिळाली की त्याला फांद्या फुटतात. क्षणभर तिला ते इतकं सुंदर वाटलं की आपण कशासाठी बसलो होतो तेच ती विसरली. मग आठवलं. दोन महिने ती आपल्या शरीराकडे बघत नव्हती. सासूच्या कुरुताकडे बघत होती.

उलार वर गेला. बेरमेतने ठरवलं, आता नीट करायचं. कुरुत बंद. मीठ घातलेला दुधाचा चहा बंद. सकाळी उठल्या उठल्या, तोंडात पाणीही न घेता, पहिली लाळ. आणि रोज, नवरा घरी असो वा नसो. मधल्या दिवसांत आपण कधी पाहिलंच नव्हतं, हे ध्यानात आल्यावर तिला विद्यार्थ्यांसमोर पकडलं गेल्यासारखं झालं. या चुकीला तिने स्वतः मुलांचे गुण कापले होते.

आपांच्या घरात कुरुत नाकारणं म्हणजे आपांनाच नाकारणं. बेरमेत वाग्युद्धाच्या तयारीनेच "नको" म्हणाली होती. पण आपा चिडल्या नाहीत.

"नको?"

"नको वाटतंय सध्या."

"आणि चहा?"

"तोही साधाच द्या मला. बिनमिठाचा."

आपांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. त्या दिवशी पाण्याची बादली त्यांनी तिला उचलू दिली नाही. दुसऱ्या दिवशी बसायला लोकरीचं जाजम आणून दिलं. बेरमेतला वाटलं, उन्हाळा आलाय, सासूला मऊपणा आलाय.

शुक्रवारी ती शाळेतून परतली तेव्हा अंगणाच्या मधोमध, सगळ्या रस्त्याला दिसेल असा, पाळणा ठेवला होता. उलारचा पाळणा. माळ्यावरून काढून, घासून, लाल-पिवळी नक्षी चकचकीत करून उन्हात घातलेला. आपा शेजारी बसून त्याच्या, बाळाला बांधून ठेवायच्या कापडी पट्ट्या धुवत होत्या, आणि गुणगुणत होत्या.

बेरमेतच्या हातातली पिशवी खाली आली. कुरुत नको, चहा नको: आपांना ते डोहाळे वाटले होते.

"आपा," ती म्हणाली. "तसं नाहीये."

"कसं नाहीये?"

"मी... तसं काही नाही. मी कुरुत सोडलं ते बघण्यासाठी. कुरुतामुळे नेचे येतात. तुमच्यातही म्हणून आले, उलारच्यातही म्हणून आले. माझे खरे की खोटे ते कळावं म्हणून सोडलं."

आपांचे हात पाण्यात थांबले. "म्हणजे दोष माझ्या कुरुताचा."

"कुरुताचा नाही. खाता खाता बघत बसले, तो माझा."

आपांनी पट्टी पिळली, झटकली, पुन्हा पिळली. तिच्यात पाण्याचा थेंबही उरला नव्हता तरी पिळत राहिल्या. बेरमेतला वाटलं, त्या ओरडल्या तर बरं होईल. तेवढ्यात कुंपणावरून सायराशचं डोकं वर आलं.

"अगं बुरुलचा! पाळणा बाहेर? काही विशेष?"

आपा उठल्या. "लाकडाला कीड लागू नये म्हणून ऊन दाखवतेय. तुझी जीभही आण, तिलाही दाखवू."

डोकं खाली गेलं. आपा घरात गेल्या, आणि कुरुताची गच्च भरलेली पिशवी आणून त्यांनी पाळण्यात ठेवली. उशीवर ठेवावी तशी, नीट.

"आता आत नेला तर गाव तर्क करत बसेल," त्या म्हणाल्या. "आणि रिकामा पाळणा मला बघवत नाही." मग सुनेकडे न बघता, "तू तुझं बघणं चालू ठेव. अर्ध्यात सोडू नको. काय दिसतं ते मला सांग. चांगलं असो वा वाईट. मला आडून आडून कळायला नको."

ठिपके दिसत होते. रोज सकाळी ठिपके, वाळूवर पडलेल्या पहिल्या चार थेंबांसारखे. बेरमेत आपांना सांगायची, "ठिपके." आपा म्हणायच्या, "बरं." हवामानाचा अंदाज ऐकावा तसं. आणि मग एका सकाळी, उलार अजून वरच असताना, काचेच्या एका कडेला बारीक देठ दिसला. त्याला नाजूक, पारदर्शक फांद्या. कुरुताच्या पानांसारखा माज नव्हता त्यांना. दुसऱ्या दिवशी पट्टीभर पानं होती. चार दिवसांनी पुन्हा ठिपके. आणि मग उलार खाली आला. तो होता तोवर रोज ठिपकेच.

तिने त्याला काही सांगितलं नाही. एका वेळचं दिसणं म्हणजे योगायोगही असेल. तो पाळण्याजवळ थबकला होता. "आई, हे काय?"

"कुरुत वाळत घातलंय."

"पाळण्यात?"

"जागा चांगली आहे. तुला चालत होती, कुरुताला का चालू नये?"

तो पुन्हा वर गेला, आणि तो वर असतानाच पुन्हा काचेवर नेचे उगवले, त्याच आठवड्यात, जवळपास त्याच दिवशी. मग बेरमेतने यंत्र बाजूला सारलं आणि खिडकीतून बाहेर, तळ्याकडे बघत बसली. पुस्तकातलं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, की ते दिवस महिन्याच्या साधारण मध्यावर येतात. आणि तिचा मध्य उलार वर असताना येतो, हेही दोन वर्षं कुठेतरी टोचत होतं. म्हणूनच तर तो घरी असताना पहिल्यांदा पानं दिसली तेव्हा तिला इतकं हायसं वाटलं होतं. वाटलं होतं, पुस्तक सगळ्यांचं असतं, शरीर आपलं असतं. आपलं शरीर त्याची वाट बघतं. खारट गोळीने तिला तिच्या मनातलंच सांगितलं होतं.

उलार खाली आला त्या दुपारी तिने स्वयंपाकघराच्या तुळईला सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या बांधल्या. त्यांना दोन चमचे लटकवले.

"हा तू," ती म्हणाली. "इकडे आलास की घरी, तिकडे गेलास की खाणीत. आणि ही मी. इकडे आले की नेचे, तिकडे गेले की ठिपके." तिने एक चमचा इकडून सोडला, दुसरा तिकडून. दोन्ही संथ झुलू लागले. एक आला की दुसरा गेलेला, दुसरा आला की पहिला गेलेला. "तुझं चक्र चार आठवड्यांचं. माझंही तेवढंच, शाळेच्या घंटेसारखं नेमकं. नेमकं आहे हेच आपल्याला नडलं. थोडं मागेपुढे होणारी असते तर केव्हाच भेट झाली असती."

उलारची नजर चमच्यांबरोबर इकडून तिकडे फिरली. "दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"म्हणजे मी मॉस्कोतच होतो म्हण की."

"जवळपास."

त्याने बोट पुढे केलं. त्याचा चमचा तिकडच्या टोकाला पोचला तसा त्याने तो तिथेच धरला. तिचा चमचा आला, परत फिरला, तिकडे गेला. मग त्याने बोट काढलं. दोन्ही चमचे एकदम निघाले, एकदम पोचले, एकदम परतले. बेरमेतने फक्त अडचण मांडली होती. उत्तर त्याने बोटाने काढलं.

"सलग दोन शिफ्ट वर राहायचं," तो म्हणाला. "दुसऱ्या तुकडीतल्या कुबातशी अदलाबदल करता येईल. त्याला बहिणीच्या लग्नासाठी महिनाभर खाली राहायचंच आहे."

"कारण विचारतील."

"सांगेन, बायकोला पदार्थविज्ञान येतं." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. त्याने तिचा चमचा हातात धरून थांबवला. "बेरमेत, मी महिनाभर वर राहिलो, बसमधल्या सगळ्यांना कळलं, आईने दिवस मोजले. आणि मग कळलं की गडबड माझ्यातच आहे, तर? तिथली धूळ, ती थंडी... मी डॉक्टरांकडे गेलो नाही ते काय गुलझातमुळे? गुलझातला मी लहानपणी झाडावरून ढकलली होती, मी कशाला भितो तिला."

"माहितीये मला."

"माहितीये?"

"तीन वर्षं झाली लग्नाला. गावाच्या हिशोबाने." तिने खिडकीकडे मान केली. "गुलझात कशाला लागते? मी आहे, उजेड आहे, तुझा दाढीचा आरसा आहे."

त्या दिवशी तो "नाही" म्हणाला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या सकाळी आपा गाय घेऊन कुरणाकडे गेल्या आणि तो लहान काचेची वाटी तिच्यापुढे ठेवून पाठ फिरवून उभा राहिला. "बघ. आणि जे असेल ते सरळ सांग. आईला सांगतेस तसं."

तिने थेंब घेतला, वर पातळ काच ठेवली, मोठं भिंग फिरवलं. आधी धूसर काहीतरी. मग एकदम स्पष्ट.

ती उठली. "ये. तूच बघ."

"सांग ना तू."

"नाही. हे तू बघायचं."

तो वाकला. "हे हलतायत," तो कुजबुजला. "बेरमेत, हे पोहतायत! अरे, हा बघ कसा... आणि हा गोल गोल फिरतोय, याला रस्ता माहीत नाही. काही नुसते पडून आहेत."

"काही सगळीकडेच पडून असतात."

"खरंय. आमच्या तुकडीतही आहेत." त्याने डोळा काढला नाही. "पुरेसे आहेत का?"

"ते मला या यंत्रावर सांगता येणार नाही," ती म्हणाली. खोटा धीर तिला द्यायचा नव्हता. "त्याला नीट मोजणी लागते. पण आहेत, आणि पोहतायत. एवढं मी तुझ्याइतकंच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."

थेंब वाळेपर्यंत तो यंत्रावरून उठला नाही. मग सरळ झाला, बाही डोळ्यांवरून फिरवली आणि कुबातला फोन लावला.

तो गेला. जर्दाळू पिकले, उतरवले, चिरून पत्र्यांवर वाळत घातले. पाळण्याभोवती अंगण केशरी झालं. दोन आठवड्यांनी बस आली, तिच्यातून उलार उतरला नाही. सायराशने कुंपणावरून विचारलं, "भांडणबिंडण झालं की काय?" आपा म्हणाल्या, "हो. तो म्हणतो सायराश फार बोलते, ती म्हणते फारच बोलते." बेरमेत घरात सकाळी पट्टी बघत होती. त्या महिन्यातले नेचे तिने एकटीने पाहिले. फोनवर म्हणाली, "आले होते, गेले." तो म्हणाला, "पुढच्या खेपेला मला दार उघडायला सांग त्यांना."

ऑगस्टमध्ये तो उतरला तेव्हा उन्हाने आणि बर्फाने काळा पडला होता, दाढी छातीकडे निघाली होती. पहिले काही दिवस ठिपके. बेरमेतने आपांना सांगितलं, "ठिपके." आपा म्हणाल्या, "बरं." महिनाभराच्या थकव्याने, वाट बघण्यानेही चक्र मागेपुढे होऊ शकतं, हे तिला माहीत होतं. इतकी वर्षं नेमकं चाललेलं घड्याळ नेमकं आत्ताच चुकलं तर? हा प्रश्न तिने कुणाला विचारला नाही.

मग एका सकाळी काचेच्या कडेला बारीक देठ दिसला.

तिने नुसती मान वर केली. दारात आपा दुधाची बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला, बादली खाली ठेवली आणि डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधायला घेतला.

"मी नुराइमकडे जाते," त्या म्हणाल्या. नुराइम त्यांची मुलगी, पलीकडच्या गावात दिलेली. "तिचं कुरुत जमत नाही, शिकवून येते. चार दिवस लागतील. पाच लागले तरी चालतील. गाय सायराशकडे बांधते, तिला बोलायला सोबत होईल."

"आपा, आज लगेच कशाला..."

"मला नेच्यातलं काही कळत नाही, पोरी. पण घरात माणसं किती असावीत ते कळतं."

त्यांनी अंगणात जाऊन पाळण्यातली कुरुताची पिशवी उचलली, खांद्याला लावली. फाटकापर्यंत गेल्या. तिथून परत आल्या, अंगावरची शाल काढली, घडी घातली आणि पाळण्यात ठेवली. मग वळूनही न पाहता रस्त्याला लागल्या.

उलार आत आला तो यंत्रावर वाकलाच. खूप वेळ बघत राहिला. "तुझेच ना? आईचे नाहीत?"

"माझेच. कालपासून पाण्याशिवाय काही तोंडात घेतलं नाही."

"सुंदर आहेत." तो सरळ झाला, गालावरून हात फिरवला, आणि महिनाभराची दाढी हाताला लागल्यावर एकदम ओशाळला. "दाढी करायला हवी. पण आरसा तर तुझ्याकडे."

बेरमेतने यंत्राखाली हात घातला. मार्चपासून तिथे टेकवलेला आरसा तिने सोडवला, त्यावरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसली, आणि त्याच्या हातात दिला. भिंगाखालचं रान विझलं.

"घे," ती म्हणाली. "आजचं बघून झालं."